दारू सुटून सहा आठवडे झाले, पण भावाला कालचं आठवत नाही, आणि न घडलेलं सांगतो. कुणी घरात पाहिलंय का?

करीरोडचा_धाकटा | रविवार, रात्री ११:५०

नमस्कार. लांबलचक होणार आहे, पण अर्धं सांगून उपयोग नाही.

माझा मोठा भाऊ, वय ५३. आम्ही मूळचे राजापूरकडचे, जन्म मात्र लालबागच्या चाळीतला. दादा भांडुपला एका कारखान्यात फिटर होता. कारखाना बंद पडला आणि पिणं वाढलं. आधी रात्रीची एक क्वार्टर असायची, मग सकाळी उठल्या उठल्या लागायला लागली. शेवटचं वर्षभर तर जेवण असं नव्हतंच. वहिनी ताट वाढायची, तो चार घास चिवडायचा, "नंतर खातो" म्हणायचा. नंतर म्हणजे चकण्याचे शेंगदाणे आणि कोरा चहा. वजन किती उतरलं ते आम्हाला त्याच्या पट्ट्यावरून कळलं. खिळा तापवून त्याने स्वतःच तीन नवीन भोकं पाडली होती, एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर.

जुलैच्या शेवटी आठ दिवस सारख्या उलट्या. मग पाय फाकवून, भिंत धरून चालायला लागला. एकाच्या दोन वस्तू दिसतात म्हणाला. आम्हाला वाटलं अजून उतरलेली नाही. त्या आठवड्यात त्याच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नव्हतं, तर दारू कुठून टिकणार, हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही. जवळच्या एका नर्सिंग होममध्ये नेलं, दोन बाटल्या ग्लुकोज लावलं, संध्याकाळी घरी आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला ओळखलं नाही. आईला "सिस्टर" अशी हाक मारली.

मग महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिने त्याच्या डोळ्यांपुढून बोट इकडून तिकडे नेलं. बुबुळं थरथरत होती आणि कडेपर्यंत जातच नव्हती. तिने पहिला प्रश्न विचारला, "जेवतात का नीट?" किती पितात हे तिने नंतर विचारलं. लगेच बी-वन व्हिटॅमिनची इंजेक्शनं सुरू झाली. तिसऱ्या दिवशी डोळे जागेवर आले. सतरा दिवसांनी घरी सोडलं. कागदावर 'वेर्निके-कोर्साकॉफ' असं लिहिलं आहे.

तेव्हापासून दारूचा थेंब नाही. चालतो, थोडा झुलतो. पण डोकं वेगळंच झालंय. आज वार कोणता विचारतो, सांगितलं की "बरं" म्हणतो, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. जेवून हात धुतो आणि बाहेर येऊन विचारतो, जेवायला काय आहे. आणि त्यालाच १९८२ चा संप विचारा. आप्पा गिरणीत होते, दादा तेव्हा दहा वर्षांचा. कुणाच्या घरून भाकरी यायची, आईच्या बांगड्या कुठल्या महिन्यात गेल्या, सगळं घडाघडा सांगतो. आई म्हणते एक शब्द चुकत नाही.

आणि न घडलेलंही सांगतो. परवा दिवसभर खाटेवर होता. मी कामावरून आलो तर म्हणाला, "दादरला जाऊन आलो. मंडईत बाबल्यामामा भेटले, तुझी चौकशी करत होते." मामांना जाऊन अकरा वर्षं झाली. सांगताना चेहऱ्यावर लपवाछपवी काही नाही. नजर सरळ.

आता खरी अडचण. गणपतीच्या आधी कपाटातले आठ हजार सापडेनात. वहिनीने विचारलं तर दादा शांतपणे म्हणाला, "तुझ्या भावाला दिले. त्याला गरज होती." वहिनीने भावाला फोन लावला. तो भडकला, गणपतीला आला नाही. तेव्हापासून वहिनी दादाशी बोलत नाही. ताट पुढे ठेवते आणि निघून जाते. ती म्हणते, वीस वर्षं दारूसाठी खोटं बोलले, आता दारू सुटली तरी जीभ तीच आहे. मी तिला चूक कसं म्हणू? वीस वर्षं ऐकून घेतलंय तिने.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. तो खोटं बोलतोय का? आणि यातलं काही परत येतं का? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलंय त्यांनी सांगा.

---

ठाणेकर_७१ | सोमवार, सकाळी ७:१५

भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, पण पिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. माझ्या सासऱ्यांनी असंच सगळ्यांना फिरवलं. पैसे कुलपात ठेवा. डोक्याला ब्राह्मीचं तेल लावा, झोप लागेल, आठवण सुधारेल.

---

निवृत्त_सिस्टर | सोमवार, दुपारी २:३०

मी एकतीस वर्षं मेडिकल वॉर्डात काढली, त्यातली बरीचशी पुरुषांच्या वॉर्डात. तुमच्या दादांसारखे किती पाहिले ते मोजलं नाही. ठाणेकर, तुमच्या सासऱ्यांचं तुम्हाला ठाऊक, पण इथे तसं नाही. तेल लावा, त्याने काही बिघडत नाही. मात्र त्याच्या भरवशावर बी-वन थांबवू नका.

भाऊ, दादा खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायचं तर आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. कालचा दिवस त्यांच्याकडे नाहीच. तुम्ही विचारता, मेंदूला तिथे भोक सापडतं, आणि तो हाताशी येईल ते घेऊन ते बुजवतो. बुजवणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही, म्हणून नजर सरळ. कोर्साकॉफ हे मॉस्कोचे डॉक्टर. आठवडेच्या आठवडे खाटेवर असलेला पेशंट काल कुठे जाऊन आलो ते कसं रंगवून सांगतो, हे त्यांनी १८८० च्या दशकातच लिहून ठेवलंय. तुमचं दादरच्या मंडईचं वाचलं आणि मला तेच आठवलं.

हे होतं कसं, ते वहिनींनाही वाचून दाखवा.

आपण खातो त्या भाताची, भाकरीची साखर होते. त्या साखरेतून ताकद काढायला प्रत्येक पेशीला बी-वन लागतं, म्हणजे थायमिन. लाकडं रचून ठेवली आणि काडीच नाही, तर चूल पेटत नाही, तसं. रोजची गरज असते एक मिलिग्रॅमहून थोडी जास्त. अंगातला सगळा साठा साधारण ३० मिलिग्रॅम. खाणं तुटलं की तो दोन-तीन आठवड्यांत तळाला जातो. दारू इथे सगळीकडून आडवी येते. माणूस जेवत नाही. जेवलेल्यातलं बी-वन आतडं नीट ओढून घेत नाही. लिव्हर बिघडल्यामुळे साठवलं जात नाही. त्यावर तुमच्याकडे आठ दिवसांच्या उलट्या.

साठा संपला की मेंदूतले काही ठरावीक भाग आधी मार खातात. डोळे फिरवणाऱ्या नसांची मुळं, तोल सांभाळणारा भाग, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या दोन गोळ्या, त्यांना मॅमिलरी बॉडीज म्हणतात. त्या आणि जवळचा थॅलॅमस, आजचं उद्यासाठी साठवून ठेवायची वाट इथून जाते. ती वाट तुटते. तिकडे आधीच जाऊन बसलेलं शाबूत राहतं. म्हणून १९८२ आहे आणि आजचं जेवण नाही.

आता वहिनींसाठी. १८८१ मध्ये जर्मनीत कार्ल वेर्निके यांनी हा आजार पहिल्यांदा लिहिला, तेव्हा त्यांच्यापुढे तीन पेशंट होते. दोघे दारू पिणारे पुरुष. तिसरी एक तरुण मुलगी, शिवणकाम करणारी. तिच्या पोटात ॲसिड गेलं होतं आणि नंतर उलट्या थांबेनात. दारूशी तिचा काही संबंध नव्हता, तरी डोळे तसेच, तोल तसाच. मी स्वतः एक चार महिन्यांची गरोदर मुलगी अशी पाहिली आहे. दिवस गेल्यापासून पोटात अन्न ठरत नव्हतं, तिला तिचा नवरा ओळखू येईना. तिला कुणी दारुडी म्हटलं नाही, सगळा वॉर्ड तिच्यासाठी धावला. आजार दोघांचा एकच. दादांच्या वेळीही तसंच धावायला हवं होतं. पण आमच्याकडेसुद्धा वास आला की "पिऊन आलाय, पडू दे" म्हणणारे असायचे. मीसुद्धा सुरुवातीच्या वर्षांत म्हटलंय. डोळे, तोल आणि भ्रम या तिन्ही खुणा एकदम दिसतात त्या सहांतल्या जेमतेम एकाला. बाकीच्यांत एखादीच दिसते आणि ती नशेसारखी असते, म्हणून हुकतं. तुमच्याकडून हुकलं याचं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या त्या डॉक्टर मुलीने आधी जेवणाचं विचारलं ना, तिला माझा नमस्कार सांगा.

ग्लुकोजचं. साखर वाढली की उरलंसुरलं बी-वनही ती जाळण्यात खर्च होतं. म्हणून उपाशी किंवा पिणाऱ्या माणसाला ग्लुकोजच्या आधी, निदान बरोबर तरी, बी-वन द्यायचं असतं. साखर धोक्याइतकी खाली गेली असेल तर मात्र ग्लुकोज अडवून ठेवत नाहीत, दोन्ही एकदम देतात. त्या नर्सिंग होममध्ये काय दिलं आणि काय नाही, ते कागद पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही. इथे वाचणाऱ्या बाकीच्यांना एवढंच सांगते. असा माणूस घेऊन गेलात तर तोंड उघडून विचारा, "बी-वन दिलंय का?" गोळी नाही, शिरेतून. कित्येक ठिकाणी ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, अशी सुरुवात करतात. सुरुवातीलाच दिलं तर डोळे काही तासांत, दिवसांत सुधारतात. तोल यायला आठवडे लागतात. आठवण सगळ्यात हट्टी.

आणि कुणी घरच्या घरी दारू एकदम बंद करून पेशंटला खोलीत कोंडू नका. रोज पिणाऱ्याची एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम, भास आणि जोराची थरथर येऊ शकते, त्यात माणूस दगावूही शकतो. सोडायची ती डॉक्टरच्या देखरेखीखाली.

परत येतं का? ढोबळ हिशेब असा. चौघांतला एक बराच सुधारतो, एक आहे तसाच राहतो, मधले दोघे कमी-अधिक. सुधारणा महिनोन् महिने चालू राहते, दोन वर्षांपर्यंतही. अट दारूचा थेंब नको आणि पोटात अन्न हवं. सहा आठवडे म्हणजे काहीच नाही. आत्ता निकाल लावू नका.

तुम्ही राजापूरचे, म्हणून एक जास्तीचं. तांदूळ टरफलासकट उकडला की कोंड्यातलं बी-वन दाण्यात उतरतं. मग सडला तरी बरंच आत राहतं. पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ते निघून जातं. जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरांनी १८९० च्या दशकात पाहिलं की पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा घातला की उठून चालायला लागतात. त्यातूनच पुढे बी-वनचा शोध लागला, १९२९ चं नोबेल त्यांना मिळालं. तुमच्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं, ती उकड्या तांदळाची पेज करत होती. दादांना सकाळी पेज द्या, सोबत मूग, चवळी, शेंगदाणे. औषध म्हणून गोळी आहेच.

शेवटचं, त्या आठ हजारांचं. माझा अनुभव असा की यांच्या गोष्टीला बहुधा खऱ्याचं बूड असतं, साल चुकलेलं असतं. दादांनी मेव्हण्याला पूर्वी कधी पैसे दिले होते का, ते शोधा.

---

करीरोडचा_धाकटा | सोमवार, रात्री १०:०५

सिस्टर, तुमचं तीनदा वाचलं. एकदा आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

मेव्हण्याला मीच फोन केला. आधी बोलायलाच तयार नव्हता. मी विचारलं, कधीकाळी दादाने तुला काही दिले होते का. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "२००९ साली. रिक्षाच्या डाऊन पेमेंटला आठ हजार कमी पडत होते. भावोजींनी ताईला न सांगता दिले होते. पुढच्या दिवाळीला मी परत केले."

म्हणजे रक्कमसुद्धा तीच. माझ्या अंगावर काटा आला. आत्ताचे आठ हजार कुठे गेले ते अजून माहीत नाही, कदाचित त्या धावपळीत औषधांत गेले असतील.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही सगळे पुरुष एकमेकांना सांभाळून घेणार." आणि आत गेली.

---

कन्नमवारनगरची_ताई | मंगळवार, सकाळी ११:२०

दादा, माझ्या घरात हे नऊ वर्षं आहे. मिस्टर टेलर. विक्रोळीत आमचं छोटं दुकान होतं.

तुमच्या वहिनीसारखीच मी पहिलं वर्षभर भांडले. ते म्हणायचे, "आत्ता गावाला जाऊन आलो," मी म्हणायचे, "खोटं! दाखवा तिकीट!" ते बिचारे खिसे तपासत बसायचे. खरंच तपासायचे हो. तिकीट मिळालं नाही की घाबरायचे, कारण त्यांच्या लेखी ते जाऊन आले होते आणि तिकीट मात्र नव्हतं. एक दिवस त्यांचे हात कापताना पाहिले आणि मी विचारायचं सोडलं.

आता मी "आठवतं का?" हा शब्द घरात काढत नाही. मीच सांगून टाकते. "आज मंगळवार. आपण जेवलो. भेंडीची भाजी होती." त्यांनी चुकीचं काही सांगितलं तर खोडत नाही आणि हो ला होही करत नाही. "असं होय," म्हणते आणि हाताला काम देते. हाताला काम देणं हे सगळ्यात मोठं औषध आहे, मी पैजेवर सांगते. हातांची आठवण वेगळी असते, ती जात नाही. आमच्या ह्यांना काल कोण आलं ते सांगता येत नाही, पण कापड पुढे टाकलं की कटोरी ब्लाउज असा कापतात की सुताइतका फरक नाही. मध्येच थांबून विचारतात, "हे माप कुणाचं?" म्हणून मी प्रत्येक कापडाला टाचणीने चिठ्ठी लावते. कुणाचं, कधी द्यायचं, शिलाई किती. चिठ्ठी वाचतात आणि पुढे चालू. तुमचे दादा फिटर ना? घरातला बिघडलेला मिक्सर, पंखा, नळ, काहीही त्यांच्यापुढे ठेवून बघा.

नवीन गोष्टही शिकवता येते, पण त्यांना अंदाज करायला लावायचा नाही. चुकलं तर ती चूकच डोक्यात बसते. मी त्यांना कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकाच फुटपाथने, एकाच बाजूने, रोज सकाळी चार महिने नेलं. वाटेत "आता कुठे वळायचं?" असं एकदाही विचारलं नाही. आता एकटे जाऊन दूध आणतात. खिशात कार्ड असतं, नाव, पत्ता, माझा नंबर आणि आजाराचं नाव. भिंतीवर फळा आहे. त्यावर आजचा वार, आज कोण येणार, मी कुठे गेले, कधी येणार. वस्तू नेहमी एकाच जागी. चष्म्याची जागा बदलली की तो आख्खा दिवस गेला म्हणून समजा.

पैशांचं लगेच हातात घ्या. त्यांच्या सहीने काहीही होऊ देऊ नका. आमच्याकडे एकाने गोड बोलून सही घेतली होती, निस्तरायला वर्ष लागलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का तेही विचारून ठेवा. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजारही येतात आणि मज्जासंस्थेचे जुनाट आजारही. निर्णय डॉक्टरांचं बोर्ड देतं.

एक वाईट आठवण लिहिते, कारण तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं. दोन वर्षं चांगली गेली होती. वार सांगायला लागले होते, नातीचं नाव पक्कं झालं होतं. जुना मित्र भेटला, "एक पेग ने काय होतं" म्हणून घेऊन गेला. मग चार दिवस तेच चाललं. नातीचं नाव गेलं ते अजून आलेलं नाही. यांना आपण पीत नाही हे लक्षात राहत नाही, ते तुम्हालाच लक्षात ठेवावं लागतं. जुन्या मित्रांना घरी जाऊन, हात जोडून सांगून या.

आणि वहिनींना एकदा अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगला न्या. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी असते, मुंबईत मराठीतही होते. मी पहिल्या दिवशी दोन तास नुसती रडले, कुणी काही विचारलं नाही. तिला वीस वर्षांचा राग आहे तो खरा आहे, तो आजाराच्या नावाखाली दाबू नका. दादा आजारी आहेत हेही खरं आणि तिने सोसलं तेही खरं. माझ्या घरात दोन्ही नांदतात.

---

औषधांच्या_काउंटरवरून | मंगळवार, दुपारी ४:४५

मी माटुंग्याला मेडिकलच्या दुकानात आहे. एकच सांगायचंय, पण महत्त्वाचं.

लोक "नसांची गोळी द्या" म्हणून येतात आणि मिथाइलकोबालामिन घेऊन जातात. ते बी-ट्वेल्व्ह आहे. बी-वन नाही. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये बी-वन असतं, पण बऱ्याचदा काही मिलिग्रॅमच. चिठ्ठीवर थायमिन १०० लिहिलं असेल तर पाकिटावर थायमिन १०० वाचूनच घ्या. संपलं म्हणून "त्यातलंच आहे" असं कुणी दुसरं दिलं तर घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. आणि पुढच्या ओपीडीत मॅग्नेशियम तपासलंय का तेही विचारा. ते कमी असेल तर बी-वन देऊनही काम करत नाही. पिणाऱ्यांमध्ये ते अनेकदा कमी असतं.

कुणाला रात्री-अपरात्री बोलायची गरज पडली तर टेलीमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६.

---

करीरोडचा_धाकटा | शुक्रवार, रात्री ११:३०

सगळ्यांचे उपकार. आधी कामाचं सांगतो. पाकीट तपासलं. घरी आणल्यापासून आम्ही बी-ट्वेल्व्हच देत होतो. चिठ्ठीवर थायमिन होतं, नाक्यावरच्या दुकानातून दुसरंच आलं होतं आणि आमच्यातल्या कुणी वाचलं नव्हतं. बुधवारी ओपीडीत नेलं. डॉक्टरांनी पुन्हा काही दिवस इंजेक्शनं लिहिली, मॅग्नेशियमसाठी रक्त घेतलं.

ताईंचं ऐकून आमचा बंद पडलेला टेबल फॅन त्याच्यापुढे ठेवला. स्क्रू काढून एका ओळीत, काढले त्याच क्रमाने मांडले. पाऊण तासात पंखा फिरायला लागला. मग त्याने मलाच विचारलं, "हा कुणाचा पंखा? त्याला सांग, बुशला तेल देत जा."

आता वहिनीचं. काल संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती, दादा खाटेवर. मी दारातच चपला काढत होतो. तिने त्याच्याकडे न बघता विचारलं, "काल आपण राणीच्या बागेत गेलो होतो ना?" मला कळलं, ती परीक्षा घेतेय. काल कुणी कुठे गेलं नव्हतं. ताईंनी नको म्हटलंय तेच ती करत होती. मी तिला थांबवणार होतो.

दादा म्हणाला, "हो की. माकडांच्या पिंजऱ्यापाशी पाऊस आला. छत्री उघडेना. तुझ्या केसातली पिन घेऊन मी खटका बसवला." मग जरा थांबून म्हणाला, "पिन द्यायची राहिली तुला."

वहिनीचे हात थांबले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी बघत राहिलो. तिने मला सांगितलं, पण बघत त्याच्याकडेच होती, "९९ सालचा जून. लग्नाला महिना झाला होता. मी हे कुणाला बोलले नाहीये."

मग तिने मेथीची जुडी बाजूला सारली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "आज गुरुवार आहे," म्हणाली. "आपण घरीच होतो. मेथीची भाजी करतेय."

दादा म्हणाला, "बरं."

ताई, फळा आणायचाय. पांढरा घेऊ की काळा?

---

कन्नमवारनगरची_ताई | शनिवार, सकाळी ६:५०

पांढरा घ्या, अक्षर ठळक दिसतं. खाटेवरून मान न वळवता दिसेल अशा जागी लावा. आणि वहिनींच्या हाताने लिहू द्या, त्यांना ते अक्षर ओळखीचं असेल.